फेरीबोट आणि शिलालेख



इतिहासावर बोलायला उभ्या राहणाऱ्याकडून लढाया, तह आणि राजवंश यांची अपेक्षा असते. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात सांगण्याजोगा राजा नाही. त्यात एक बेट आहे, बेटावर जागता ज्वालामुखी आहे, समोर सुमारे सहा लाख वस्तीचे बंदर आहे, आणि या दोहोंमधले पाणी पंधरा मिनिटांत ओलांडणारी एक फेरीबोट आहे. एवढ्याशा प्रवासाला इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. त्याने थोडा धीर धरावा. याच पाण्यावर एके दिवशी वीस हजारांहून अधिक माणसांचा जीव टांगलेला होता. त्यांतली बहुतेक वाचली. ती कोणाच्या शब्दावर विसंबून वाचली, आणि जी वाचली नाहीत ती कोणाच्या शब्दावर विसंबून राहिली, हे आम्हांस आज सांगायचे आहे.

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी दक्षिणेकडचे ते क्यूशू. त्याच्या दक्षिण टोकाशी समुद्र खोलवर आत शिरला आहे. त्यास किन्को आखात म्हणतात. आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर कागोशिमा हे बंदर, पूर्वेला ओसुमी द्वीपकल्प, आणि पाण्याच्या मधोमध १,११७ मीटर उंचीचा, सदा धुराची शेंडी मिरवणारा साकुराजिमा. 'साकुरा' म्हणजे चेरीचा फुलोरा आणि 'जिमा' म्हणजे बेट. नावात फुले आहेत आणि अंगावर राख. कागोशिमाच्या शिमाझू सरदारांनी सतराव्या शतकात किनाऱ्यावर एक बाग केली. जपानी बागेत कृत्रिम टेकडी आणि तळे असावे लागते. शिमाझूंनी साकुराजिमालाच आपली टेकडी मानले आणि आखातालाच तळे. खर्च वाचवण्याची ही युक्ती आम्हांस फार आवडली.

धक्क्यापासून धक्क्यापर्यंतचे अंतर साडेतीन किलोमीटरांच्या आसपास. आमच्या कोकणात खाडी ओलांडणाऱ्या नावेला 'तर' म्हणतात. ही तिचीच थोरली बहीण म्हणावी. या बोटींना पुढची बाजू आणि मागची बाजू असा भेद नाही. दोन्ही टोके सारखीच बांधलेली, त्यामुळे धक्क्याला लागल्यावर बोट वळवावी लागत नाही; जशी आली तशीच ती परत निघते. खालच्या मजल्यावर मोटारी, वर उतारू. उडोन नावाच्या जाड शेवयांचा गरम वाडगा विकणारा ठेला ही या बोटींची जुनी ख्याती. पंधरा मिनिटांत तो वाडगा संपवून धक्क्यावर उतरायचे, ही नेहमीच्या उतारूंची कसरत. बेटावर पुढच्या इयत्तांचे विद्यालय नाही, म्हणून मोठी मुले रोज याच बोटीने शहरात शिकायला जातात. वारा पश्चिमेचा असला की राख बेटाच्या पलीकडे जाते, पूर्वेचा असला की शहरावर येते. राख गोळा करण्यासाठी कागोशिमाची नगरपालिका नागरिकांना निराळ्या पिशव्या देते, आणि घरोघरचे लोक आपल्या अंगणातली राख त्यांत भरून ठरलेल्या जागी नेऊन ठेवतात. आपल्याकडे पावसाचा अंदाज विचारतात, तिथे वाऱ्याची दिशा विचारतात.

आता डोंगराविषयी. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी येथे एक प्रचंड उद्रेक झाला आणि जमीन खचून मोठी कढई तयार झाली. आखाताचे आतले टोक म्हणजे पाण्याने भरलेली तीच कढई, आणि साकुराजिमा तिच्या दक्षिण काठावर उगवलेला. सह्याद्रीचा काळा पाषाणही शिलारसाचाच आहे. परंतु तो थिजून साडेसहा कोटी वर्षे झाली. म्हणून आपण त्यात निर्धास्तपणे लेणी खोदली, त्यावर किल्ले बांधले, आणि तो कधी वाहत होता हे विसरून गेलो. साकुराजिमाच्या लोकांना विसरण्याची मुभा नव्हती. १४७१ पासूनच्या पाच-सहा वर्षांत मोठे उद्रेक झाले. १७७९ साली पुन्हा झाला. त्या वेळी विहिरींचे पाणी उकळू लागले, समुद्राचा रंग जांभळट झाला, दीडशेच्या आसपास माणसे मेली, आणि आखाताच्या तळातून नवी बेटे वर आली. ही हकीकत कागदांत होती, तशीच घरोघरच्या बोलण्यातही होती. आधी भुई हलते, मग विहिरी बदलतात, मग डोंगर फुटतो, एवढे आजोबांकडून नातवांकडे आलेले होते.

तरी माणसे तेथे राहिली. ज्वालामुखीच्या मातीत पाणी झरझर खाली उतरते. तीत भात होत नाही, परंतु कंदमुळे आणि फळे होतात. साकुराजिमाचा मुळा हा जगातला सर्वांत मोठा मुळा. त्यातला एक ३१ किलोंहून अधिक भरला. त्याच मातीत जगातल्या सर्वांत लहान संत्र्यांपैकी एक जातही पिकते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटावर एकवीस हजारांवर वस्ती होती आणि कारभार दोन गावांत वाटलेला होता : पश्चिमेचे, म्हणजे शहराकडे तोंड असलेले निशी-साकुराजिमा आणि पूर्वेचे हिगाशी-साकुराजिमा. तेव्हा साकुराजिमा खरेखुरे बेट होते. ओसुमी द्वीपकल्प आणि बेट यांच्यामध्ये सेतोची सामुद्रधुनी होती. रुंदी सुमारे चारशे मीटर आणि खोली सत्तर मीटरांच्या घरात.

१९१४ च्या जानेवारीची ११ तारीख उजाडली ती धरणीकंपाच्या हादऱ्यांनी. दिवसभर हादरे वाढत गेले. डोंगराच्या कडा ढासळू लागल्या. विहिरींचे पाणी चढले, किनाऱ्याजवळ गरम पाणी उफाळू लागले. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. पश्चिमेच्या गावात तरुणांच्या मंडळांनी होड्या जमवायला आरंभ केला आणि बायकामुले आधी, या रीतीने माणसे शहराकडे पोचवणे सुरू केले. कोणाचा हुकूम आला नव्हता. होड्या मासेमारीच्या, नावाडी गावातलेच, आणि पाणी रोजच्या ओळखीचे.

पूर्वेच्या गावाची गोष्ट वेगळी झाली. तेथील गावप्रमुख कावाकामी फुकुजिरो हा जबाबदार गृहस्थ होता. गावाच्या जिवाचा प्रश्न, तेव्हा जाणत्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये, असे त्यास वाटले. त्याने कागोशिमाच्या वेधशाळेकडे पुनःपुन्हा चौकशी केली. उत्तर आले की हादऱ्यांचे केंद्र साकुराजिमा नव्हे. बेटावर उद्रेक होणार नाही. गाव सोडण्याचे कारण नाही. १२ तारखेच्या सकाळी शिखरावर पांढरा धूर दिसत असतानाही हाच भरवसा होता. कावाकामीने निघू पाहणाऱ्यांना थोपवले. ज्यांना वेधशाळेविषयी आदर होता, म्हणजे शिकलेसवरलेले आणि गावात वजन असलेले, तेच अधिक थांबले.

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी डोंगराची पश्चिम कूस फुटली. दहाएक मिनिटांनी पूर्व कूसही फुटली. धुराचा स्तंभ आठ हजार मीटरांच्या वर गेला. कागोशिमा बंदरातून सरकारी आणि खासगी, मिळेल ती बोट बेटाकडे धावली. आमच्या मते त्या दिवसातली ही सर्वांत मोठी गोष्ट : भर राखेच्या पावसात, वरून जळते दगड पडत असताना, नावाडी बेटाकडे निघाले, आणि एकदा जाऊन आलेले पुन्हा गेले. समुद्रावर सच्छिद्र हलक्या दगडांचा थर तरंगू लागला होता आणि त्यातून वल्ही मारीत वाट काढावी लागत होती. पूर्वेकडे होड्या पुरल्या नाहीत. लोक सामुद्रधुनीत उतरून ओसुमीच्या किनाऱ्याकडे पोहू लागले. जानेवारीचे पाणी होते ते. गावाच्या कचेरीत शेवटपर्यंत थांबलेल्यांवरही अखेर पाण्यात उडी घेण्याची पाळी आली. कावाकामी वाचला. त्या दिवशी पाण्यात उतरलेले सगळेच किनाऱ्याला लागले नाहीत.

त्याच दिवशी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मोठा भूकंप झाला. कागोशिमात घरे आणि दगडी भिंती कोसळल्या. आता समुद्र चढणार, विषारी वायू येणार, अशा वावड्या उठल्या आणि सबंध शहर रात्रीच्या अंधारात डोंगरांकडे पळत सुटले. बेटावरून सुटून शहरात आलेल्यांना शहरही सोडावे लागले. सर्व मिळून ५८ माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांतली निम्मी या भूकंपातली. एकवीस हजारांच्या बेटावरून एवढीच माणसे गेली याचे श्रेय होड्यांना आहे, आणि ज्यांनी उत्तराची वाट न पाहता त्या पाण्यात लोटल्या त्यांना आहे.

शिलारस पुढे कित्येक आठवडे वाहत राहिला. पश्चिमेकडच्या ओघाने किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवरचे कारासुजिमा हे लहानसे बेट गिळले. पूर्वेकडच्या ओघाने जानेवारीच्या अखेरीस सेतोची सामुद्रधुनी भरून काढली. जेथे माणसे पोहत गेली होती तेथे काळा दगड झाला आणि साकुराजिमा द्वीपकल्पाला जोडला गेला. नावापुरते बेट, वस्तुतः भूशिर. कुरोकामी गावातल्या देवळाची दगडी कमान तीन मीटर उंच होती. राखेतून तिचा वरचा एक मीटर तेवढा उरला. लोक खणू लागले तेव्हा गावप्रमुखाने थांबवले, पुढच्यांना दिसावी म्हणून ती तशीच राहू द्यावी असे ठरवले. आजही वाकून पाहिल्याशिवाय त्या कमानीतून पलीकडचे दिसत नाही. ज्यांची शेते गेली ती कुटुंबे ओसुमीत, तानेगाशिमा बेटावर, काही तर कोरियापर्यंत जाऊन वसली.

कावाकामीच्या मनाला मात्र चैन पडले नाही. आपण थांबवले म्हणून माणसे गेली, हे त्याने जन्मभर उराशी धरले. याची खूण दगडावर कोरून ठेवावी ही त्याची इच्छा होती. ती पुरी होण्याआधीच तो वारला. त्याच्या मागून आलेल्या गावप्रमुखाने दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, गावच्या प्राथमिक शाळेच्या आवारात शिळा उभारली. तिच्यावरील मजकुराचा भावार्थ असा की, रहिवाशांनी सिद्धांतावर भिस्त ठेवू नये, विपरीत चिन्हे दिसताच वेळेआधी निघून जाण्याची तयारी करावी; आणि एरवीही काटकसरीने व उद्योगाने राहावे, म्हणजे संकट आले तरी रस्त्यावर भटकण्याची पाळी येणार नाही. शिळेचे औपचारिक नाव 'उद्रेक-स्मारक' अशा अर्थाचे आहे. पण लोकांत ती 'विज्ञानावरील अविश्वासाची शिळा' म्हणून प्रसिद्ध झाली.

हे लोकप्रसिद्ध नाव आम्हांस पटत नाही. ते वेधशाळेवरही अन्याय करते आणि कावाकामीवरही. तेव्हा कागोशिमाच्या वेधशाळेजवळ भूकंपमापनाची साधने तुटपुंजी होती. एकाच ठिकाणच्या यंत्राने हादरा किती मोठा हे सांगता येते. तो कोठून आला हे नेमके सांगण्यास निरनिराळ्या ठिकाणची यंत्रे लागतात. वेधशाळेचा दोष तिला ठाऊक नव्हते हा नव्हे. ठाऊक नसताना 'नाही' असे ठाम उत्तर दिले, हा तिचा दोष. 'आम्हांस सांगता येत नाही' हे चार शब्द त्या तारेवरून गेले असते तर कावाकामीने आपल्या विहिरीकडे पाहिले असते. आणि कावाकामीचा दोष शास्त्राला विचारले हा नव्हे. विचारणे योग्यच होते. परंतु उत्तर येताच त्याने पायाखालची हलणारी भुई आणि म्हाताऱ्यांची साक्ष हे दोन्ही पुरावे बाद केले. विहिरीचे पाणी चढले हेही निरीक्षणच. ते यंत्राने केलेले नव्हते, एवढेच. आपल्याकडेही धरण, पूर, दरड यांच्या वेळी वरून आलेला कागद आणि गावकऱ्याचा डोळा यांत कागदच मोठा ठरतो, हे श्रोत्यांच्या अनुभवास आलेले असेल.

त्या उद्रेकाने शास्त्रालाही शिकवले. भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी फुसाकिचि तातडीने कागोशिमास आले. उद्रेकानंतर आखाताभोवतीची जमीन खाली बसल्याचे मोजणीत आढळले. पोटातला शिलारस बाहेर गेला, म्हणून भुई खचली. १९५८ साली मोगि या शास्त्रज्ञाने हीच मोजमापे आणि हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीची मोजमापे घेऊन भूपृष्ठाच्या चढउतारावरून खालच्या शिलारसाची खोली काढण्याची रीत सिद्ध केली. जगभरचे ज्वालामुखी-अभ्यासक आजही तिच्यापासून आरंभ करतात. १९६० मध्ये क्योतो विद्यापीठाने साकुराजिमावर स्वतःची वेधशाळा उभारली. आता डोंगराच्या पोटात बोगदे खणून केसभर कललेली जमीनही टिपतात. खालची कोठी वर्षाला सुमारे एक कोटी घनमीटर शिलारसाने भरत आहे, आणि १९१४ मध्ये जेवढे रिते झाले त्यातले बहुतेक पुन्हा भरले आहे, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

आता पुन्हा बोटीकडे. बेट भूशिर झाले, मग फेरीबोट कशाला? नकाशावर पाहिले की उत्तर मिळते : खुष्कीने कागोशिमास जायचे तर आखाताला सबंध वळसा घालावा लागतो. १९३४ च्या नोव्हेंबरात निशी-साकुराजिमा गावाने स्वतःच्या मालकीची नियमित बोट सुरू केली. हा मुद्दा आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. बोट कोणा कंपनीची नव्हती, गावाची होती. तिचा नफातोटा गावाचा आणि खलाशी गावाचे नोकर. ज्या पश्चिम गावाने वीस वर्षांपूर्वी आपल्या होड्यांनी आपली माणसे बाहेर काढली होती, त्याच गावाने रोजच्या प्रवासाची बोट आणि संकटाची बोट एकच करून ठेवली. भाजी, मुळे, संत्री, बाळंतिणी, वरातीची माणसे, सगळे तिच्यावरून जाऊ लागले.

पाणी नेहमीच दयाळू असते असे नव्हे. १९४४ च्या ६ फेब्रुवारीस, याच आखातात, ओसुमीकडच्या तारुमिझू बंदरातून कागोशिमास निघालेली 'सहावी तारुमिझू-मारू' ही बोट किनाऱ्याजवळच उलटली. महायुद्ध चालू होते. लढाईवर निघालेल्या आपल्या मुलांना शेवटचे भेटायला आईबाप तिच्यावर दाटीवाटीने चढले होते. पाचशेहून अधिक माणसे बुडाली. आम्ही मराठी माणसे हे ऐकतो तेव्हा आपोआप दुसरे एक नाव ओठांवर येते. १९४७ च्या १७ जुलैस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक उतारू गेले. अलिबागेकडच्या कित्येक घरांत त्या आषाढी अवसेची आठवण अजून काढतात. थोड्या वेळाचा प्रवास म्हणून माणसे गर्दीकडे दुर्लक्ष करतात, हे दोन्हीकडे सारखेच.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो. १९४६ साली पुन्हा शिलारस वाहून समुद्राला मिळाला. १९५० मध्ये हिगाशी-साकुराजिमा कागोशिमा शहरात विलीन झाले. निशी-साकुराजिमाने आपली बोट आणि आपला कारभार दोन्ही जपले. १९५५ च्या ऑक्टोबरात दक्षिण शिखर फुटले, आणि तेव्हापासून डोंगराची धुसफुस पुरती थांबली अशी नाही. २०११ या एका वर्षात साडेनऊशेहून अधिक स्फोट मोजले गेले. १९८४ मध्ये बोट अहोरात्र चालू लागली. मध्यरात्रीनंतर उतारू किती असणार? परंतु डोंगर फुटायला दिवसच निवडील याची हमी कोणी द्यावी? २००४ मध्ये पश्चिमेचे गावही शहरात सामील झाले आणि बोटी कागोशिमा नगरपालिकेच्या झाल्या. बेटाची वस्ती आता चार हजारांच्या आत आली आहे, आणि तिकिटांची आवकही त्या मानाने आटली आहे. तोट्यातली बोट किती काळ चालवावी, हा हिशेब तेथील नगरपालिकेपुढे आहे. आम्हांस वाटते, त्या हिशेबात १९१४ चा एक रकाना असावा.

२०२२ च्या २४ जुलैस रात्री आठ वाजता शिखरावरून उडालेले दगड अडीच किलोमीटरांपर्यंत येऊन पडले. हवामान खात्याने प्रथमच या डोंगरासाठी सर्वांत वरची, पाचव्या पायरीची सूचना दिली, आणि आरिमुरा व फुरुसातो या वस्त्यांतल्या ३३ घरांतील ५१ माणसांना तेथून हलवण्यात आले. तीन दिवसांनी सूचना खाली उतरली. मोठे काही झाले नाही. उगाच हलवले, असे म्हणणारेही निघाले असतील. परंतु या वेळी वेधशाळेचा शब्द आणि रहिवाशांची पावले एकाच दिशेला गेली होती.

दरवर्षी बेटावर निघून जाण्याची तालीम होते. किनाऱ्याभोवती त्याकरिता बांधलेले लहान धक्के आहेत. भोंगा वाजतो. म्हातारी माणसे एकमेकांचा हात धरून धक्क्यावर येतात, शाळेची मुले डोक्यावर पिवळी शिरस्त्राणे घालून रांगेत उभी राहतात, आणि एरवी मोटारी नेणारी फेरीबोट त्यांना घ्यायला येते. माणसे मोजली जातात, कोण राहिले ते विचारले जाते. मग तालीम आटोपते, आणि बोट नेहमीच्या धक्क्यावर जाऊन नेहमीच्या उतारूंना घेते.